हॉर्नचं नवं बटण बसवलं, पण आवाज घोगरा. अर्थ (earth, म्हणजे गाडीच्या धातूशी विजेचा जोड) नेमका कुठून मिळतो?

जुनंइंजिन (धागाकर्ता)

माझ्याकडे १९६५ ची एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. मूळ स्टिअरिंग व्हील आधीच्या मालकानेच बदललं होतं. आता लाकडी कडेचं व्हील आहे आणि त्याच्या मधोमध काळ्या पावडर कोटिंगचा ॲल्युमिनियमचा बॉस, म्हणजे व्हील स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवणारा मधला भाग. त्यातलं हॉर्नचं बटण उन्हाने तडकलं होतं, आतली स्प्रिंग गंजली होती. दाबलं की कधी वाजायचं, कधी नाही. म्हणून त्याच व्यासाचं, बॉसमध्ये दाबून बसणारं नवं बटण आणलं.

अडचण अशी की जुन्या बटणाला एकच चपटी पिन होती आणि नव्याला दोन आहेत. ब्रशकडून (फिरत्या रिंगला घासून वीज पोचवणाऱ्या तुकड्याकडून) वर येणारी वायर मात्र एकच. ती एका पिनेला जोडली, दुसरी मोकळी सोडली. आवाज शून्य. मग दुसऱ्या पिनेपासून छोटी वायर काढून बॉसच्या एका स्क्रूखाली दाबली. तरीही शून्य. शेवटी त्या स्क्रूखालचं कोटिंग खरवडलं तेव्हा हॉर्न वाजला, पण घसा बसल्यासारखा. पूर्वी दोन्ही हॉर्न खणखणीत वाजायचे.

दोन पिनांचं बटण एकाच वायरच्या गाडीला चालतं ना? की मी चुकीचंच बटण आणलं?

तांबेपितळ

बटण बरोबर आहे. मुळात त्या बटणाचं काम काय, ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या पिनेचा उलगडा होईल.

तुमच्या गाडीत हॉर्नला करंट फ्यूजमधून कायम पोचलेलाच असतो. हॉर्नच्या दुसऱ्या टोकाची वायर स्टिअरिंग कॉलमवर चढते. बटण दाबलं की ती वायर गाडीच्या धातूला टेकते आणि सर्किट पुरं होतं. म्हणजे बटण 'करंट देत' नाही, ते अर्थ देतं. जुन्या बटणात अर्थ बटणाच्या धातूच्या कडेतून बॉसला आणि तिथून दांड्याला मिळायचा, म्हणून एक पिन पुरत होती. नव्या बटणाची कड प्लास्टिकची असणार. त्यामुळे अर्थसाठी वेगळी पिन दिली आहे. कोणती पिन कशाला, याने फरक पडत नाही. आत नुसता उघड-मीट करणारा स्विच आहे.

कोटिंग खरवडल्यावर वाजला, यावरून कोटिंग विजेला अडवत होतं हे तर सिद्धच झालं. पावडर कोटिंग आणि ॲनोडायझिंग दोन्ही इन्सुलेटर आहेत. बाजारातल्या व्हीलवर नवं बटण 'खराब निघालं' म्हणून परत करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं बटण चांगलंच असतं, असा माझा अनुभव आहे.

आता घोगरेपणा. एक चाचणी करा. बटण बाहेर काढा, ब्रशकडून आलेली वायर हातात घ्या. आधी ती दांड्यावरच्या मोठ्या नटला टेकवून आवाज ऐका. मग एक लांब वायर जोडून तीच गाडीच्या बॉडीच्या उघड्या धातूला टेकवा. दोन आवाजांत फरक आहे का ते सांगा.

जुनंइंजिन

केली चाचणी. फरक खूपच आहे! बॉडीला टेकवल्यावर दोन्ही हॉर्न पूर्वीसारखे. दांड्याच्या नटला टेकवल्यावर घोगरा, आणि व्हील थोडं फिरवलं की आवाज आणखी बदलतो.

म्हणजे बटणाचा दोष नाही, दांड्यालाच अर्थ नीट मिळत नाही, असंच ना?

तांबेपितळ

अगदी तसंच. दांडा कॉलमच्या नळीत बुशांवर (आधाराच्या कड्यांवर) फिरतो. फेल्ट असो की नायलॉन, त्यातून वीज जात नाही. मग अर्थ कुठून? दांड्याच्या खालच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटमधून रॅकच्या (चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीच्या) पिनियनला, तिथून रॅकच्या कवचाला, आणि कवच ज्या बोल्टांनी क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) बांधलंय त्या बोल्टांतून बॉडीला. वाटेत प्रत्येक ठिकाणी ग्रीस, गंज किंवा रंग. साठ वर्षांच्या गाडीत हा रस्ता किती विश्वासाचा राहिला असेल, तुम्हीच बघा.

मल्टिमीटर असेल तर आकडाच मिळेल. व्होल्टवर ठेवा, एक टोक दांड्याच्या नटला, दुसरं बॅटरीच्या अर्थच्या टोकाला. कोणाला तरी हॉर्न वाजवायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा कमी दिसला तर ठीक. जितके व्होल्ट दिसतील तितके वाटेत वाया जातायत, हॉर्नपर्यंत पोचत नाहीत.

निळीबीटल

माझ्या बीटलमध्ये याच जातीचा त्रास होता, म्हणून लिहिते. बीटलच्या दांड्याच्या खालच्या टोकाला स्टिअरिंग बॉक्सशी जोडणारी रबराची चकती असते. रबर वीज जाऊ देत नाही, म्हणून त्या चकतीला ओलांडून जाणारी छोटी वायर कंपनीनेच दिलेली असते. माझ्या गाडीची चकती बदलताना ती वायर जोडायची राहिली. त्यानंतर मी दोनदा बटण बदललं, एकदा हॉर्न बदलला, आणि दोष शेवटी खाली, हाताच्या बोटाएवढ्या एका वायरमध्ये निघाला. ज्यांच्या दांड्यात असा रबरी जोड आहे, त्यांनी बटणाला हात लावण्याआधी ती वायर बघावी. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे किती रविवार वाचले असते.

रिले_तीस

वर सगळं बरोबर चाललंय. मला एक गोष्ट वाढवावीशी वाटते, कारण ती कायमचा उपाय आहे.

१९६५ च्या त्या गाडीत हॉर्नला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. दोन्ही हॉर्नचा सगळा करंट बटणातून जातो. एक हॉर्न साधारण ४ ते ५ अँपिअर घेतो, म्हणजे दोन मिळून ८ ते १०. नव्या बटणातला संपर्क पातळ पत्र्याचा असतो. एवढा करंट तोडताना दर वेळी ठिणगी पडते आणि संपर्क काळा होत जातो. रिले टाकला की बटणातून फक्त त्याच्या कॉइलचा करंट जातो, ०.१५ ते ०.२ अँपिअर. बटण टिकतं, आणि दांड्याचा कच्चा अर्थही एवढ्याशा करंटला पुरतो.

जोडणी (आकडे रिलेच्या पिनांचे): फ्यूजकडून येणारा करंट ३० ला. ८७ वरून हॉर्नच्या एका टोकाला. हॉर्नचं दुसरं टोक थेट बॉडीला. कॉइलच्या दोन पिना ८५ आणि ८६, त्यातली एक फ्यूजच्या करंटला आणि दुसरी बटणाकडे जाणाऱ्या वायरला. तुमच्या गाडीत बटणाकडे जाणारी वायर जांभळी, काळ्या रेघेची असायला हवी. हॉर्नचा करंट नुसत्या जांभळ्या वायरीतून येतो.

पण इथे एक मोठी सूचना आहे. १९६७ च्या आधीच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. काही रिलेंच्या आत कॉइलला समांतर डायोड (एकाच दिशेने वीज जाऊ देणारा भाग) असतो आणि तो ८६ पॉझिटिव्ह, ८५ निगेटिव्ह असं गृहीत धरून बसवलेला असतो. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत फ्यूजकडून येणारा करंट निगेटिव्ह असतो, म्हणून तो ८५ ला आणि बटणाची वायर ८६ ला हवी. उलटं जोडलं तर बटण दाबताच डायोडमधून सरळ शॉर्ट होतो. खात्री नसेल तर डायोड नसलेला रिलेच घ्या.

चौथागिअर

पॉझिटिव्ह अर्थमध्ये हॉर्न उलटा जोडला तर जळतो का? माझ्याकडे नेगेटिव्ह अर्थच्या गाडीतून काढलेले हॉर्न आहेत.

रिले_तीस

नाही. या काळातले हॉर्न विद्युतचुंबकावर चालतात. पडदा ओढला की संपर्क तुटतो, पडदा मागे येतो, संपर्क पुन्हा जुळतो. चुंबकाला करंट कुठल्या दिशेने जातो याचं काही देणंघेणं नसतं. फक्त तुमचे हॉर्न दोन पिनांचे आहेत का ते बघा. एकच पिन असलेला हॉर्न आपल्या पट्टीतून बॉडीला अर्थ घेतो. तो अर्थवर बटण असलेल्या सर्किटमध्ये रिलेशिवाय लावला तर कायम वाजत राहील.

तांबेपितळ

बॅटरीबद्दलही आत्ताच सांगून ठेवतो. बटणाला हात घालण्याआधी बॅटरी सोडायची, आणि आधी सोडायचं ते अर्थचं टोक. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ते पॉझिटिव्ह असतं. 'आधी निगेटिव्ह काढा' हा नियम पाठ करून इथे निगेटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला, तर संपूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट. तुमच्या गाडीत तर सीटच्या मागे जमिनीखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात आणि जागा अडचणीची. अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

जुनंइंजिन

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजमाप घेतलं. हॉर्न वाजत असताना दांड्याचा नट आणि बॅटरीचा अर्थ यांच्यामध्ये २.८ व्होल्ट! १२ मधले पावणेतीन व्होल्ट वाटेतच जात होते.

रॅकचे बोल्ट एकेक सोडून बसायच्या जागा घासून स्वच्छ केल्या. एका बोल्टखाली रंगाचा जाड थर होता, बहुधा जुन्या रंगकामातला. युनिव्हर्सल जॉइंटच्या दोन्ही बाजूंना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी क्लँपने बांधली. तिला एवढी ढील ठेवली आहे की दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही ती ताणली जात नाही आणि कुठे अडकतही नाही. आता तीच मोजणी ०.३ व्होल्ट. आवाज परत आला आहे.

पण नवीन अडचण. बटण बॉसमध्ये पूर्ण आत दाबलं की हॉर्न आपोआप सुरू होतो आणि थांबतच नाही. अर्धवट बाहेर ठेवलं तर ठीक. शिवाय डावीकडे वळताना मध्येच एक बारीक 'पॉं' ऐकू येतो.

चाकजोड

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

बटण आत दाबल्यावर कायम वाजतं, म्हणजे ज्या पिनेला ब्रशची वायर जोडली आहे ती पिन किंवा तिच्यावरचं टोक आत धातूला टेकतंय. बहुतेक दांड्याच्या नटला किंवा बॉसच्या भिंतीला. तुमच्या बॉसची खोली किती आहे? जुन्या बटणाच्या मागची उंची आणि नव्याची उंची कॅलिपरने मोजा. मागे सरळ उभ्या पिना असलेल्या बटणाला नटच्या वर बरीच जागा लागते. पिना हलक्या हाताने ९० अंशात वळवता येतात, पण त्या बेकलाईटमध्ये ओतलेल्या असतील तर तडा जातो. त्यापेक्षा काटकोनातले चपटे टोक मिळतात ते वापरा, आणि प्लास्टिकचं कवच असलेलंच. पिनेची रुंदी आधी बघून घ्या, ६.३ मिलिमीटर आणि ४.८ मिलिमीटर दोन्ही प्रचलित आहेत. ४.८ च्या पिनेवर ६.३ चं टोक बसवून चिमट्याने दाबलेलं मी पाहिलं आहे. ते सुटतं, आणि सुटून नेमकं नटवर पडतं.

वळताना 'पॉं' येतो त्याचं कारण ब्रश आणि पितळी रिंग. स्प्रिंगवरचा ब्रश रिंगवरून फिरताना कुठेतरी शेजारच्या धातूला घासतोय. तो आपल्या नळीत वाकडा झाला असेल, नाहीतर रिंगच्या काठावर पितळेचा चुरा साठून पूल तयार झाला असेल.

गॅरेजसंध्या

अमेरिकन गाड्यांवर काम करते, तिथे हाच 'सतत वाजण्याचा' प्रकार वेगळ्या कारणाने होतो. साठच्या दशकातल्या बऱ्याच जनरल मोटर्सच्या गाड्यांत टोपीखाली तीन स्क्रूंवर स्प्रिंगची वाटी बसते. प्रत्येक स्क्रूभोवती इन्सुलेशनचं बुश असतं. एक बुश हरवलं किंवा चिरलं की वाटीला कायमचा अर्थ. त्या भागांचा क्रम काढतानाच फोटोत टिपून ठेवा. स्प्रिंग उलटी बसवली तरी हेच होतं.

नवाहात

माझी १९९४ ची गाडी आहे. मधलं बटण असंच स्क्रूड्रायव्हरने उचकटून बदलता येईल का?

चाकजोड

थांबा. त्या काळच्या गाडीत स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असण्याची मोठी शक्यता आहे. असेल तर मधला भाग म्हणजे बटण नाही, स्फोटक चार्ज असलेलं युनिट आहे. उचकटायचं नाही, मल्टिमीटरही लावायचा नाही. बॅटरी सोडून कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबून, तिथल्याच पद्धतीने काम करावं लागतं. हा धागा ज्या साध्या बटणांबद्दल आहे, त्यातलं काही तिथे लागू करू नका.

जुनंइंजिन

ब्रश काढून पाहिला. तुमचा अंदाज खरा. रिंगच्या कडेला काळपट चिकट थर होता आणि त्यात पितळेचा चुरा. आधीच्या कोणीतरी तिथे भरपूर ग्रीस भरलं होतं.

साफ कशाने करू? आणि परत ग्रीस लावायचं की कोरडं ठेवायचं?

निळीबीटल

मी बारीक पॉलिश पेपर, ६०० नंबरचा, आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेते. त्यानंतर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. कोरडं ठेवलं तर माझ्या गाडीत वळताना कर्कश आवाज यायचा.

तांबेपितळ

इथे थोडा मतभेद नोंदवतो. ब्रश पितळेचा असेल तर पातळ हात चालेल, पितळावर पितळ कोरडं घासलं की लवकर झिजतं. पण ब्रश कार्बनचा असेल तर काहीही लावू नका. कार्बन स्वतःच वंगण असतो. त्यावर ग्रीस टाकलं की कार्बनच्या भुकटीचा लगदा होतो, तो रिंगच्या इन्सुलेशनवर पसरतो आणि वीज भलतीकडे वाहायला लागते. जुनंइंजिन यांच्या रिंगवर जे साठलं होतं ते बहुधा असंच.

निळीबीटल

मान्य. माझा ब्रश पितळेचाच आहे. कार्बनचा विचार मी केला नव्हता.

चाकजोड

आणखी एक. ब्रशची स्प्रिंग ताणून लांब करायचा मोह होतो. करू नका. दाब वाढला की रिंगमध्ये खाच पडते. रिंगमध्ये नखाला जाणवेल एवढी खाच असेल तर रिंगच बदलावी लागेल. नखाला जाणवत नसेल तर पॉलिशवर भागेल.

रिंगपर्यंत पोचायला व्हील काढणार असाल तर दांड्यावर आणि बॉसवर एक समोरासमोर खूण करा. इंडिकेटर आपोआप बंद करणारा खिळा बॉसच्या ठरावीक जागी भेटतो. एक दाता सरकून बसलं तर व्हील सरळ दिसणार नाही आणि इंडिकेटर एका बाजूला लवकर, दुसऱ्या बाजूला उशिरा बंद होईल. नट सैल केल्यावर लगेच पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या, म्हणजे व्हील एकदम सुटून तोंडावर येणार नाही. आणि दांड्याच्या टोकावर हातोडा मारू नका, पुलर वापरा. कोलॅप्सिबल (धडकेत आत दबणाऱ्या) कॉलमच्या गाडीत एका हातोड्याने आतल्या प्लास्टिकच्या पिना तुटतात, आणि त्या अपघातात छाती वाचवण्यासाठी असतात.

जुनंइंजिन

काम झालं. सविस्तर लिहितो, पुढे कोणाला उपयोग होईल.

ब्रश कार्बनचाच निघाला. रिंग पुसून, कोरडी ठेवून बसवली. नखाला खाच जाणवली नाही. ब्रशची नळी आतून कापडाने साफ केली, त्यात ब्रश आता स्वतःच्या वजनाने खाली सरकतो. 'पॉं' पूर्ण गेला. दोन्ही टोकांपर्यंत पाच-पाच वेळा व्हील फिरवून पाहिलं.

नव्या बटणाची मागची उंची जुन्यापेक्षा ९ मिलिमीटरने जास्त होती, तीच पिन नटला लागत होती. काटकोनातली कवचाची टोकं लावली. दोन्ही वायरींना व्हीलच्या आत एक सैल वळण ठेवलं, म्हणजे पुढच्या वेळी बटण काढताना वायर ताणली जाणार नाही. अर्थची वायर बॉसच्या ज्या स्क्रूखाली आहे, तिथे कोटिंग फक्त वॉशरएवढ्या गोलात खरवडलं आणि दातेरी वॉशर टाकला. रिले_तीस यांनी सांगितल्याप्रमाणे डायोड नसलेला रिले लावला. आता हॉर्न वाजत असताना दांड्यावरची मोजणी मीटरवर जवळपास शून्य आहे.

एकच गोष्ट उरली. बटण बॉसमध्ये थोडं सैल बसतं. जोरात दाबलं की एका बाजूने उचलतं. सुपरग्लू लावावा का?

गॅरेजसंध्या

ग्लू नको. पुन्हा काढायची वेळ येतेच, आणि तेव्हा बटण फुटतं. कडेभोवती पातळ कापडी चिकटपट्टीचा एक पूर्ण वेढा द्या. टोकावर टोक चढू देऊ नका, नाहीतर बटण तिरकं बसेल. कडेला खाच असेल तर त्यात मापाची ओ-रिंग बसते, ती पट्टीपेक्षा चांगली. दाबताना मधोमध दाबू नका, म्हणजे स्विचवर भार येणार नाही. दोन्ही अंगठ्यांनी कडेवर, समोरासमोर. आणि चाकं सरळ करून, बॅजची वरची बाजू कुठे येते त्यावर कागदी टेपची खूण करून मगच बसवा.

जुनंइंजिन

ओ-रिंगची खाच होती, मी बघितलीच नव्हती. २ मिलिमीटर जाडीची रिंग बसली. बटण आता हलत नाही, बॅज सरळ आहे. संध्याकाळी एक लांब फेरी मारली. वळणावर एकदा हॉर्न द्यावा लागला आणि दोन्ही हॉर्न एका सुरात वाजले. खूप दिवसांनी.

चौथागिअर

माझ्याकडचे हॉर्न तपासले, दोन पिनांचेच आहेत. रिलेची ८५-८६ ची अदलाबदल लिहून ठेवली आहे. पुढच्या रविवारी बसवतो, मोजणी इथे टाकेन.